मेलेल्या झाडाच्या शेजारचं झाड

अंबाडी नाक्यावर भिवंडी-वाडा रस्त्याला वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. या भागात घरापुढे दोन-चार मोगरे, एखादा सोनचाफा, जास्वंद, कुंपणाशी गुलाब आणि दसऱ्यासाठी झेंडूचा वाफा ही नेहमीची बाग. पश्चिमेला वसईचा पट्टा, तिथली फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. उत्तरेला विक्रमगड-जव्हारकडे गेल्या काही वर्षांत मोगऱ्यावर घर चालवणारी आदिवासी कुटुंबं आहेत. या सगळ्या बागांमध्ये श्रावण-भाद्रपदात एक ठरलेली तक्रार ऐकू येते. पाणी भरपूर आहे, खत वेळेवर घातलंय, पानांवर कीड दिसत नाही, आणि तरी झाड भर दुपारी माना टाकतं. संध्याकाळी सावरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात पिवळं पडतं आणि शेवटी सहज ओढलं तरी हातात येतं. खाली खड्ड्यात पाहावं तर मातीशिवाय काही नाही.

पानं खाणारी कीड निदान समोर तरी असते. मुळं खाणारी कीड आपल्याला कळते ती झाड मेल्यावर, आणि तेव्हा ती तिथून निघून गेलेली असते. मुळांच्या किडींचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मला वाटत आलं आहे की त्यातले मोठे घोटाळे आणि मोठे शोध या एकाच गोष्टीभोवती फिरतात: कुठे आणि कधी उकरून बघायचं.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फुलांचं नाही, द्राक्षांचं आहे. १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधले द्राक्षमळे वाळू लागले. वाळण्याला ठिपक्यासारखी सुरुवात व्हायची आणि तो ठिपका दरवर्षी पसरत जायचा. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या तर मुळं काळी, कुजलेली. कीड कुठेच नाही. कुणी हवामानाला दोष दिला, कुणी थकलेल्या मातीला, कुणी देवाच्या कोपाला. १५ जुलै १८६८ रोजी माँपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी सँ-मार्तँ-द-क्रो इथल्या एका मळ्यात पाहणी करत होते. तिथे मेलेल्या वेलींच्या कडेची, वरून धडधाकट दिसणारी एक वेल उपटली गेली. भिंगातून पाहिलं तर मुळांवर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे दाटीने बसले होते. हीच फायलोक्सेरा. मूळ मेलं की तिचं अन्न संपतं, मग ती पुढच्या जिवंत मुळाकडे सरकते. मेलेल्या वेलीखाली ती सापडणार कशी?

आमच्या अंबाडीच्या बागेतली मोगऱ्याची एक ओळ एका टोकाकडून वाळत आली, तेव्हा खुरपणीला येणाऱ्या मावशींनी नेमकं हेच केलं. वाळलेलं झुडूप त्यांनी बाजूला टाकलं, त्याच्या खड्ड्याकडे बघितलंही नाही, आणि पुढच्या हिरव्यागार झुडपाच्या बुडाशी खुरपं घातलं. वीतभर खोलीवर तीन अळ्या निघाल्या: दुधाळ पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. हुमणी. "ही खात खात पुढं जाते," एवढंच त्या म्हणाल्या. प्लांशाँचं नाव त्यांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. जन्मभर मातीत हात घालणाऱ्या माणसाला ते नाव लागतही नाही.

तीन गुन्हेगार आणि काही निरपराध

उपाय शोधण्याआधी कोण खातंय ते ओळखावं लागतं. आपल्याकडच्या फुलबागेत मुळांचे मुख्य शत्रू तीन.

पहिली हुमणी. ही भुंगेऱ्याची अळी. ती मुळं कुरतडते, म्हणून झाड ओढलं की मुळांशिवाय हातात येतं. महाराष्ट्रात ऊस, भुईमूग पिकवणाऱ्यांना ती चांगलीच माहीत आहे. पण गुलाब, मोगरा, झेंडू असा भेद ती करत नाही. दुसरा सूत्रकृमी. हा डोळ्यांना दिसत नाही, त्याची करणी दिसते: मुळांवर मण्यांसारख्या गाठी येतात. झाड मरत नाही, खुरटतं. फुलं बारीक होतात, खत घातलं तरी अंगी लागत नाही. इथे एक फसगत होते. भुईमूग, वाल, ताग यांच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या चांगल्या असतात. त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती काढायला गेलात तर मूळ तुटतं. तिसरी वाळवी. तिची मातीची नळी खोडावर दिसते आणि ती बहुधा आधीच कमकुवत झालेल्या किंवा पाण्याचा ताण पडलेल्या झाडाकडे वळते.

या तिघांशिवाय बुरशीमुळे होणारी मूळकूज आहेच. तिच्यात मुळं काळी पडतात, वास येतो, आणि साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघून येते. पाणी साचणाऱ्या जागी आधी तिचाच संशय घ्यावा.

आणि काही निरपराधही आहेत. शेणखताच्या खड्ड्यात पांढऱ्या, जाडजूड अळ्या निघाल्या की लोक घाबरून त्या ठेचतात. त्यातल्या कित्येक कुजलेला पालापाचोळा खाणाऱ्या असतात, जिवंत मुळांना त्या हात लावत नाहीत. ओळखायची एक सोपी खूण आहे. अळी सपाट जागी ठेवा. ती पाठीवर उताणी होऊन सरकू लागली, तर ती पुष्पभुंगेऱ्याची अळी. तिला खतात परत सोडा. हुमणी तशी चालत नाही, ती कुशीवर वळून पडते आणि सहा पाय हलवत राहते.

वावडिंग, तूप आणि दूध

झाडाला रोग होतो आणि त्यावर वैद्यकी करता येते, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. रोगट भाग शस्त्राने काढावा, वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, दूध घातलेलं पाणी शिंपावं, असं त्यात सांगितलं आहे. पुढे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाने 'वृक्षायुर्वेद' नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होतं. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने ते मिळवलं आणि नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. माणसांना जंतांवर दिलं जाणारं वावडिंग झाडाच्या किड्यांवरही, असा या जुन्या वैद्यकीचा तर्क. तो प्रत्येक वेळी लागू पडत असेल असं मी म्हणणार नाही. पण त्यात एक शहाणपण होतं: वैद्य झाडापाशी जाऊन रोगट भाग बघत होता, आणि जे औषध घालत होता ते त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि बटव्यात होतं. विहिरीत झिरपलं तरी घरातलं कुणी मरणार नव्हतं.

फ्रान्समध्ये तसं राहिलं नाही. फायलोक्सेरा सापडल्यावर तिच्यावर औषध शोधण्याची शर्यत लागली. सरकारने लावलेलं बक्षीस १८७४ मध्ये तीन लाख फ्रँकपर्यंत नेलं. कार्बन डायसल्फाइड हा विषारी, भडकन पेट घेणारा द्रव मोठाल्या पिचकाऱ्यांनी वेलींच्या मुळाशी सोडला जाऊ लागला. मातीत विषारी वायू भरून मुळांची कीड मारण्याचा हा पहिला मोठा प्रयोग. खर्च प्रचंड, आणि दरवर्षी पुन्हा करायचा. अखेर उत्तर निघालं ते निराळंच. ही कीड मूळची अमेरिकेची, आणि तिथल्या रानद्राक्षांची मुळं तिला सहन करायला शिकलेली होती. त्या मुळांवर फ्रेंच द्राक्षांची कलमं बांधली गेली आणि मळे वाचले. बक्षिसाची रक्कम कुणालाच मिळाली नाही. आज नाशिक-सांगलीचा बागायतदार 'डॉगरीज' या अमेरिकन वंशाच्या खुंटावर द्राक्ष बांधतो, ते मुख्यतः खारं पाणी आणि दुष्काळ यांच्यासाठी. पण मूळ एकाचं आणि फळ दुसऱ्याचं ही युक्ती जगभर रुजली ती या संकटातून. आपण नर्सरीतून आणतो तो गुलाबही असाच रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेला असतो.

मातीबरोबर आलेला पाहुणा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात सरकारी कीटकशास्त्र आकार घेत होतं. बिहारमधल्या पुसा इथे हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय इंपीरियल एंटमॉलॉजिस्ट झाला. त्याची 'इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स' १९०६ मध्ये आणि 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' १९०९ मध्ये आली. आपल्याकडच्या किडींची नीट, चित्रांसकट नोंद करणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ही. त्याचा शेवट चमत्कारिक झाला. इंग्लंडला परतल्यावर वेस्टमिन्स्टर हॉलच्या लाकडी छताला लागलेला भुंगा मारायचं काम त्याच्याकडे आलं, त्यातून त्याने कीडनाशकांचा व्यवसायही उभा केला. आणि १९२५ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत विषारी वायूवर प्रयोग करताना त्याच वायूने तो मेला. किडींचं बारकाईने निरीक्षण करणारा माणूस आणि त्यांना विषाने मारणारा माणूस एकाच देहात कसे नांदत होते, याचं हे उदाहरण.

१९१४ मध्ये हिंदुस्थानात विनाशकारी कीड आणि रोग कायदा झाला. बाहेरून येणाऱ्या रोपांवर नजर ठेवायची, हा त्याचा हेतू. असा कायदा का लागतो, हे दोनच वर्षांनी अमेरिकेत कळलं. १९१६ मध्ये न्यू जर्सीतल्या रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत हिरव्या-तांबूस झळाळीचा अनोळखी भुंगेरा सापडला. तो जपानचा. आयरिस या फुलझाडाच्या कंदांबरोबर, मातीत लपलेल्या अळीच्या रूपाने तो आला असावा, असं मानलं जातं. बागेच्या शोभेसाठी आणलेल्या कंदाला लागलेल्या ओंजळभर मातीने अमेरिकेला शंभर वर्षांचं दुखणं दिलं. भुंगेरा गुलाबाची पानं आणि पाकळ्या खातो, त्याची अळी हिरवळीची मुळं.

अंबाडीत बसून हे वाचताना नर्सरीच्या काळ्या पिशवीकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. त्या पिशवीतून रोपाबरोबर अनोळखी ठिकाणची किलोभर माती घरी येते. सूत्रकृमी स्वतः वर्षभरात जेमतेम हातभर सरकतो. मैलोन्‌मैल प्रवास करतो तो आपल्या पिशव्यांतून, फावड्यांतून, चपलांतून. म्हणून रोप आणलं की पिशवी फाडून मुळं बघावीत. गाठी दिसल्या तर ते रोप जमिनीत जाता कामा नये.

पांढरी भुकटी

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं बदललं. १९५२ मध्ये कोलकात्याजवळच्या रिशरा इथे बीएचसीचा कारखाना सुरू झाला. गॅमॅक्सिन म्हणून ओळखली जाणारी ती उग्र वासाची भुकटी आमच्या आधीच्या पिढीला पाठ आहे. मुंगी, वाळवी, ढेकूण, हुमणी, सगळ्यांना एकच. ऑल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही तिचीच भावंडं, आणि त्यांचा खास गुण असा की ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मुळांची कीड दिसत नाही, कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा एकदाच घाला आणि विसरा, असं औषध कुणाला नको होईल? खड्डा खणला की तळाला ओंजळभर पावडर टाकायची, मग कलम लावायचं, ही रीतच पडली. उकरून बघण्याची गरज संपली.

अमेरिकेत जपानी भुंगेऱ्यावर हाच मार्ग पत्करला गेला. १९५४ पासून इलिनॉयमधल्या शेल्डन गावाच्या परिसरात डायल्ड्रिन आणि ऑल्ड्रिन विमानातून टाकलं गेलं. पक्षी मेले, खारी मेल्या, गोठ्यातली मांजरं मेली. भुंगेरा राहिला. रेचल कार्सनने १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये ही हकिगत सविस्तर लिहिली, आणि एक बोचरा प्रश्न विचारला: या अळीला दुधाळ रोगाने मारणारा जिवाणू सरकारलाच माहीत होता, पूर्वेकडच्या राज्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला होता, मग इथे का नाही? मिळालेलं उत्तर साधारण असं, की तो महाग पडतो आणि हळू काम करतो.

सूत्रकृमींवरच्या औषधांची गोष्ट याहून वाईट आहे. १९४३ मध्ये हवाई बेटांवर अननसाच्या मळ्यांत वॉल्टर कार्टरने 'डी-डी' हे मिश्रण सूत्रकृमींवर चालतं हे दाखवलं आणि मातीत वायू सोडण्याचा धंदा उभा राहिला. पाठोपाठ १९५० च्या दशकात डीबीसीपी आलं, नेमॅगॉन या नावानेही ते विकलं जाई. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं, की हे औषध बनवणाऱ्या विभागातल्या कुणाला मूलच होत नाही. तपासण्या झाल्या. औषधाने त्यांचं वीर्य संपवलं होतं.

आणि मार्टिनिक. कॅरिबियन समुद्रातल्या या फ्रेंच बेटावर केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यासाठी १९७२ ते १९९३ क्लोरडेकोन वापरलं गेलं. ज्या अमेरिकेत ते बनत होतं, तिथला व्हर्जिनियातला कारखाना कामगारांना विषबाधा झाल्यामुळे १९७५ मध्येच बंद पडला होता. आज त्या बेटावरच्या दहापैकी नऊ प्रौढांच्या रक्तात ते सापडतं, आणि जमिनीतून ते निघून जायला शतकं लागतील असा अंदाज आहे. तिथल्या मातीतली रताळी, सुरणासारखे कंद कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे लोकांना माती तपासून ठरवावं लागतं.

आपल्याकडे कायदे आले, पण उशिरा. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं अन्न खाऊन शंभरावर माणसं मेली, त्यानंतर दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला. हुमणीवरचं लाडकं औषध फोरेट, म्हणजे खेड्यापाड्यांतलं 'थायमेट'. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते अतिविषारी वर्गात आहे. त्याचा वापर २०२० च्या अखेरीस बंद व्हावा असा केंद्राचा आदेश २०१८ मध्ये निघाला. या सगळ्या वर्षांत ते दाणे कोण टाकत होतं? बागेचा मालक क्वचितच. दाणे मुठीत घेऊन ओळीने टाकत जाणारा हात मजुराचा असतो, बहुतेकदा बाईचा, आणि त्यावर मोजा नसतो. हुमणीच्या इतिहासात या हातांची नोंद मला कुठे सापडली नाही.

दुसरी वाट

गंमत म्हणजे दुसरी वाटही तितकीच जुनी आहे. १८७९ मध्ये ओडेसात इल्या मेच्निकॉव्ह गव्हावरच्या एका भुंगेऱ्याचा अभ्यास करत होता. काही अळ्या मरून पडत आणि त्यांच्या अंगावर हिरवी बुरशी चढे. ती बुरशी वाढवून तिनेच कीड मारता येईल, असं त्याने सुचवलं. काही वर्षांतच आजच्या युक्रेनमध्ये तिचे बीजाणू मोठ्या प्रमाणावर तयारही केले गेले. पुढे मेच्निकॉव्ह माणसाच्या रक्तातल्या पेशींकडे वळला आणि १९०८ चं नोबेल त्या कामासाठी त्याला मिळालं. ती हिरवी बुरशी म्हणजेच मेटारायझियम. आज महाराष्ट्रात कृषी सेवा केंद्रावर हुमणीसाठी मिळते ती पुडी.

१९२९ मध्ये रुडॉल्फ ग्लेझरला न्यू जर्सीतच, जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांमध्ये एक सूत्रकृमी सापडला. मुळं नासवणाऱ्या सूत्रकृमीचा हा दूरचा भाऊबंद. पण हा अळीच्या अंगात शिरतो आणि पोटातले जिवाणू तिथे सोडून तिला दोन-तीन दिवसांत मारतो. अशाच एका जातीचं वर्णन १९९२ मध्ये कोइंबतूरच्या नमुन्यांवरून झालं आणि तिला नावच 'इंडिका' मिळालं. तिने मारलेली हुमणी विटकरी लाल पडते. मातीत अशी लाल अळी सापडली तर तिला फेकू नये. तिच्या पोटातून हजारो सैनिक बाहेर पडायचे असतात.

आणि झेंडू. १९४१ मध्ये स्टाइनर या शास्त्रज्ञाने नोंदवलं की सूत्रकृमीची पिल्लं झेंडूच्या मुळात शिरतात, पण तिथे वाढत नाहीत. १९५० च्या दशकात डच संशोधकांनी हे शेतात तपासलं, आणि १९५८ मध्ये युलेनब्रुक आणि बैलू यांनी झेंडूच्या मुळातलं सूत्रकृमींना मारणारं द्रव्य वेगळं काढलं. मेक्सिकोतून आलेलं, आपल्या दसऱ्याच्या तोरणात बसलेलं हे फूल स्वतःच्या मुळाशी एवढा बंदोबस्त ठेवून असतं. मात्र गुलाबाच्या कडेला शोभेपुरते चार झेंडू लावून भागत नाही. अख्खा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूखाली ठेवायला लागतो. अंबाडीसारख्या ठिकाणी हे सहज जमतं: जूनमध्ये झेंडू, दसरा-दिवाळीला फुलं, मग झाडं तिथेच चिरून मातीत गाडायची आणि हिवाळ्यात त्या जागी गुलाब. याच्या उलट, जिथे गाठी दिसल्या त्या वाफ्यात भेंडी लावू नये. सूत्रकृमीला इतकं आवडतं पीक क्वचितच असेल. भेंडीच्याच कुळातली, या गावाचं नाव धारण करणारी अंबाडीही त्याच्या तावडीत तशीच सापडते.

ओसाड पडलेल्या वाफ्यासाठी आणखी एक सोपा उपाय इस्रायलमधून आला. १९७६ मध्ये याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक कडेने घट्ट दाबून भर उन्हात काही आठवडे ठेवलं, तर आतली माती इतकी तापते की रोगबुरशी आणि सूत्रकृमी मोठ्या प्रमाणात मरतात. एप्रिल-मेमधलं भिवंडीचं ऊन याच कामासाठी आहे असं वाटावं, इतकं ते चपखल बसतं.

हुमणीचं पंचांग

हुमणीचं वर्ष पावसाशी बांधलेलं आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडून बसलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. तिथे पाला खातात, जोड्या जमतात, आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. माद्या ओल्या मातीत अंडी घालतात. सुरुवातीची बारकी अळी कुजकं खाते. श्रावणापासून मोठी झालेली अळी मुळांवर तुटून पडते. पावसाळ्यानंतर ती खोल जाते, कोषात जाते, भुंगेरा होते, आणि पुढच्या पहिल्या पावसाची वाट बघत बसते. वर्षाला एक पिढी.

म्हणजे झाडं वाळतात तेव्हा आपण धावाधाव करतो, पण त्या वेळी अळी सर्वांत मोठी आणि सर्वांत चिवट असते. ती सर्वांत उघडी असते जूनमधल्या पाच-सात संध्याकाळी. झाडाखाली जुनं कापड पसरून फांद्या काठीने हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. नाहीतर दिव्याखाली तसल्याच पाण्याचं घमेलं ठेवायचं. एक मादी अंडी घालण्याआधी सापडली, तर श्रावणातल्या कितीतरी अळ्या जन्मालाच येत नाहीत. जुलैमध्ये, अळी लहान असताना, मेटारायझियम पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्यावं; रासायनिक बुरशीनाशक त्याच्या आसपास नको. निंबोळी किंवा करंज पेंड लावणीच्या वेळीच घालावी. अर्धवट कुजलेलं शेणखत बागेत आणू नये, कारण अळ्या त्यातूनच घरी येतात.

यात एक अडचण आहे, आणि ती औषधाच्या पुडीने सुटत नाही. भुंगेरा कुंपण मानत नाही. माझ्या कडुनिंबावरचे भुंगेरे शेजारच्या मोगऱ्यात अंडी घालतात आणि त्याच्या बाभळीवरचे माझ्या गुलाबात. एकट्याने पाच संध्याकाळी काठी फिरवून फारसं हाती लागत नाही. आळीने, पाड्याने मिळून एकाच आठवड्यात केलं तर फरक दिसतो. ऊस पिकवणाऱ्या भागांत कारखाने आणि कृषी खातं सामुदायिक भुंगेरे गोळा करण्याच्या मोहिमा घेतात, ते याचसाठी. फुलबागांसाठी असं कुणी करत नाही, कारण फुलबाग ही ज्याची त्याची हौस समजली जाते. पण मोगऱ्यावर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी ती हौस नाही. आणि विक्रमगडच्या शेतातली हुमणी आणि आमच्या कुंपणातली हुमणी यांत निसर्गाने काही फरक ठेवलेला नाही.

गॅमॅक्सिनच्या भुकटीने माणसाला एकट्याने, शेजाऱ्याशी न बोलता, न उकरता बाग राखायची सोय दिली होती. त्या सोयीची किंमत विहिरींनी आणि मजुरांच्या हातांनी भरली. आता ती भुकटी बाजारातून गेली आहे, आणि जे उरलं आहे ते मेहनतीचं आहे: मुळं बघणं, तारखा लक्षात ठेवणं, शेजाऱ्याला हाक मारणं. अंबाडीत यंदा रोहिणीतच एखादी सर आली, तर त्याच संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बॅटरी घेऊन जवळच्या कडुनिंबाखाली जाऊन या. पानांत बारीक खुसखुस ऐकू आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या चार घरी तेवढं सांगा.